मटाराचे वाटेकरी

थंडी पडू लागली की मंडईत मटाराचे ढीग लागतात आणि घराघरांत शेंगा सोलायच्या बैठका बसतात. आमच्याकडे खिमा-मटार होतो, शेजारी मटारच्या करंज्या. वाट्यांची देवाणघेवाण तर ठरलेलीच. पण ज्यांनी परसात किंवा गच्चीवरच्या कुंड्यांत चार वेल लावलेले असतात, त्यांचा थाट वेगळा. शेंग तोडायची, अंगठ्याने उसवायची आणि दाणे तसेच तोंडात टाकायचे. लहान मुलं तर शेंग धुण्याइतकाही धीर धरत नाहीत. म्हणूनच या वेलांना किडींपासून कसं जपायचं, हा प्रश्न जरा सांभाळून सोडवावा लागतो. दुकानातून औषधाची बाटली आणली आणि फवारली, असं इथे चालत नाही.

सुरुवात पेरणीपासून करू. मटार हे थंडीचं पीक. पुरंदरच्या शिवारात तो पावसाळ्यातही पिकतो, कारण तिथली हवा तशी आहे. बाकी ठिकाणी ऑक्टोबरचा दुसरा पंधरवडा ते नोव्हेंबर हा काळ बरा. उन्हाचा ताव असतानाच घाई केली, तर खोडमाशी कोवळ्या रोपांना गाठते. तिची अळी खोडाच्या आत शिरते. रोप पिवळं पडतं आणि माना टाकतं. असं रोप उपटून नष्ट करावं, त्यावर उपचार करत बसू नये. दुसरी गोष्ट, मटाराला युरियाचा लाड नको. त्याच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नत्र त्याला मिळवून देतात. वरून आणखी नत्र दिला की वेल लुसलुशीत होतो, आणि लुसलुशीत शेंडा म्हणजे माव्याला आवतण.

मावा ही मटाराची नेहमीची कीड. टाचणीच्या डोक्याएवढे हिरवे किंवा काळे किडे शेंड्यावर, कळ्यांवर दाटीने बसतात आणि रस शोषतात. पानं मुरडतात, चिकट होतात. माव्याच्या माद्या नराची वाट पाहत नाहीत आणि अंडीही घालत नाहीत. थेट पिल्लांना जन्म देतात. ती पिल्लं आठ-दहा दिवसांत स्वतः आया होतात. त्यामुळे रविवारी दिसलेले दहा किडे पुढच्या रविवारी मोजता येत नाहीत. मात्र हिरव्या माव्याची एक खोड आपल्या कामाची आहे. धक्का लागला की तो चटकन खाली पडतो. शेंड्याखाली साबणाच्या पाण्याचं ताट धरायचं आणि वेल हलकेच झटकायचा. काळा मावा असेल तर वेलावर मुंग्यांची रांग दिसते. माव्याच्या अंगातून पाझरणाऱ्या गोड रसासाठी त्या त्याची राखण करतात. आधी मुंग्यांची वाट बंद करा.

पानांवर पांढऱ्या, नागमोडी रेघा दिसल्या तर ती नागअळी. कुणी बोरूने गिरवावं तशा त्या रेघा दिसतात खऱ्या, पण आत अळी पानाचा गर खात पुढे सरकत असते. पानाच्या पापुद्र्याआड ती सुरक्षित असल्याने वरच्या फवाऱ्याचा फारसा उपयोग होत नाही. खालची रेघाळलेली पानं खुडून टाकणं हाच सोपा उपाय. पिवळ्या पुठ्ठ्याला एरंडेल तेल लावून तो वेलाजवळ टांगला, की तिची माशी आणि पंख असलेला मावा त्याला चिकटतात. एक-दोन पुठ्ठे पुरेत, कारण त्यावर आपले मित्रकीटकही अडकतात.

खरा दरोडेखोर येतो तो फुलं लागल्यावर. हरभरा, तूर, टोमॅटो, कपाशी यांना छळणारी घाटेअळी मटारालाही सोडत नाही. तिचा पतंग रात्री फिरतो आणि कोवळ्या शेंड्यांवर, कळ्यांवर सुटी सुटी अंडी घालतो. अळी शेंगेला भोक पाडते, डोकं आत खुपसते आणि बाकीचं अंग बाहेर ठेवून दाणे खात राहते. चार-सहा वेल असतील तर सकाळ-संध्याकाळ शेंगा निरखून अळ्या वेचणं यासारखा उपाय नाही. पीक संपल्यावर माती उकरून तिला ऊन द्यावं, म्हणजे मातीत दडलेले कोष मरतात.

मच्छरदाणीचं कापडही इथे कामी येतं. फुलं येण्याआधीच वेलावर ते नीट पांघरलं की पतंगाला आत शिरता येत नाही. मग फळधारणा कशी होणार, असं कुणी विचारेल. मटाराचं फूल उमलण्याआधीच बहुधा आतल्या आत परागण उरकतं. त्याला मधमाशीची गरज नसते. याच गुणामुळे ब्रनो इथल्या मठात ग्रेगोर मेंडेल यांनी 1856 ते 1863 या काळात आनुवंशिकतेच्या प्रयोगांसाठी मटार निवडला. एवढं मात्र ध्यानात ठेवा, जाळी मित्रकीटकांनाही अडवते. आत मावा वाढलेला दिसला तर दिवसा जाळी काढून ठेवावी.

हे मित्र ओळखता यायला हवेत. लाल पाठीवर काळे ठिपके असलेला ढालकिडा सगळ्यांना आवडतो. पण त्याचं पिल्लू करडं, काटेरी, सुसरीसारखं दिसतं. ते पाहून लोक दचकतात आणि चिरडतात. खरं तर तेच पिल्लू माव्याचा फडशा पाडत असतं. आम्ही कवी मंडळींनी फुलपाखरावर पुष्कळ लिहिलं, अळीच्या वाट्याला मात्र शिव्याच आल्या.

एवढं करूनही कीड हाताबाहेर गेली तर निंबोळी अर्क आहे. वाळलेल्या निंबोळीच्या आतला 50 ग्रॅम गर कुटून थोड्या पाण्यात रात्रभर भिजवावा, सकाळी फडक्याने गाळावा, पाणी घालून एक लिटर करावा आणि चिमूटभर साबणाचा चुरा विरघळवावा. आधी एका फांदीवर मारून पाहावा. फवारणी संध्याकाळी करावी, कारण उन्हात त्याचा गुण लवकर जातो. पानांची खालची बाजूही भिजली पाहिजे. हा अर्क किडीला तडकाफडकी मारत नाही; तिची भूक आणि वाढ रोखतो. म्हणून आठवड्याने पुन्हा फवारावा.

झटपट मारणाऱ्या विषाचा मोह का टाळायचा, हे वेगळं सांगायला नको. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना शेतकरी आणि शेतमजूर विषबाधेने दगावले. ती तर शेतातली कामाची माणसं होती. आपल्या गच्चीवर शेंगेकडे हात जातो तो चार वर्षांच्या नातवाचा.

शेवटी बियाण्याविषयी. पुढच्या वर्षासाठी ठेवलेल्या दाण्यांत भुंगेरा शिरतो आणि गोल भोक पाडून बाहेर येतो. त्याच कुळातल्या एका भुंगेऱ्याचा उल्लेख खुद्द मेंडेल यांनी 1866 सालच्या आपल्या निबंधात केला आहे. बी खडखडीत वाळवून, घट्ट झाकणाच्या बाटलीत घालून आठवडाभर फ्रीजरमध्ये ठेवलं की आतली अंडी-अळ्या मरतात.

एवढ्या राखणीनंतरही दोन-चार शेंगा किडक्या निघतीलच, आणि तेवढ्यासाठी बाटलीकडे धाव घेऊ नये. किडकी शेंग बाजूला काढता येते. दाण्यात उतरलेलं विष डोळ्यांना दिसत नाही.