सणाचा गोड घास, पण बेताचा

दिवाळीचा दिवस आहे. घरात तळणाचा वास सुटला आहे. मुलं हातात लाडू घेऊन अंगणात पळत आहेत. ओसरीवर म्हातारे बाबा बसले आहेत. त्यांना साखरेचा आजार आहे.

बाबा सुनेला म्हणतात, "बाई, सन काय रोज येते? एक लाडू दे ना मले."

सून म्हणते, "मामाजी, डॉक्टरनं नाही म्हटलं हाये ना तुमाले!"

बाबा गप्प बसतात. दुपारी घर निजलं की हळूच डब्यात हात घालतात. आधीच पायाची जखम भरत नाही. त्यात साखर आणखी चढते.

असं घर आपल्या बुलढाणा जिल्ह्यात आज कोणत्याही गावात सापडेल. आपल्या देशात सुमारे १० कोटी लोकांना मधुमेह आहे, असं २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या पाहणीत दिसून आलं. मग या माणसांनी सणाला कोरड्या तोंडानंच बसायचं का? तसं नाही. त्यांच्यासाठी बेताचा गोड घास घरीच करता येतो. तो कसा करायचा, ते आपण पाहू.

दोन आजार, दोन पथ्यं

पहिला आजार मधुमेह. आपण भाकरी, पोळी, भात, साखर खातो. यांत पिष्ट आणि साखर असते. पोटात गेल्यावर त्यांची साखर होऊन ती रक्तात उतरते. मधुमेह झालेल्याला ती नीट वापरता येत नाही. म्हणून त्यानं असे पदार्थ मोजून खावेत.

दुसरा आजार गव्हाचा. तो थोड्याच लोकांना होतो, पण ओळखू येत नाही म्हणून फार छळतो. मूल वाढत नाही, पोट फुगतं, जुलाब होतात, अंगात रक्त राहत नाही. याला सिलिअ‍ॅक रोग म्हणतात.

कणकेचा गोळा पाण्यात धुऊन पाहा. पांढरं पाणी निघून जातं. हातात रबरासारखा चिवट गोळा उरतो. तेच ग्लुटेन. त्यामुळेच पोळी लाटता येते. ज्वारीत ते नाही, म्हणून भाकरी थापावी लागते. सिलिअ‍ॅक रोग्याच्या आतड्याला हे ग्लुटेन सोसत नाही.

हे कसं कळलं? हॉलंड देशात विलेम डिके नावाचे मुलांचे डॉक्टर होते. गव्हाबद्दल त्यांना आधीपासून संशय होता. १९४४-४५ च्या हिवाळ्यात युद्धामुळे तिथं मोठा दुष्काळ पडला. पाव मिळेना. आणि नवल असं, की ही आजारी मुलं त्या दुष्काळात सुधारली. पुढं पाव आला, तशी ती पुन्हा आजारी पडली. १९५० साली डिके यांनी आपला प्रबंध लिहिला.

इथं एक गोष्ट नीट समजून घ्या. ज्वारीत ग्लुटेन नाही, पण पिष्ट भरपूर आहे. तेव्हा ज्वारीच्या पिठाचा लाडू गव्हाच्या रोग्याला चालेल. मधुमेह्याला तो सुद्धा मोजूनच. आणि "गुळानं काही होत नाही" हा समज खोटा आहे. गूळही साखरच आहे.

दोघांनाही चालेल असं पीठ कोणतं? शेंगदाणा, तीळ, खोबरं आणि जवस यांचं. यांत ग्लुटेन नाही. पिष्टही थोडं. १०० ग्रॅम गव्हाच्या पिठात साधारण ७० ग्रॅम पिष्ट असतं. तेवढ्याच शेंगदाण्यात पिष्ट-साखर मिळून २० ग्रॅमच्या आतबाहेर.

शेंगदाण्याची नानकटाई

भट्टी नाही म्हणून अडायचं कारण नाही. गोवरीच्या निखाऱ्यात रोडगे आणि पानगे भाजणारी माणसं आपण. इथं कढईचीच भट्टी करू.

साहित्य : भाजून सोललेले शेंगदाणे १०० ग्रॅम, भाजलेले तीळ ५० ग्रॅम, किसलेलं सुकं खोबरं ४० ग्रॅम, भाजलेल्या जवसाची पूड २ मोठे चमचे, किसलेला गूळ ४ लहान चमचे, वेलची आणि चिमूटभर मीठ.

जवसाची पूड ४ चमचे पाण्यात १० मिनिटं भिजवा. ती चिकट होते. ग्लुटेन नाही, तेव्हा पीठ बांधून ठेवायचं काम जवस करील. शेंगदाणे आणि तीळ जाडसर कुटा. फार कुटले तर तेल सुटतं. मग सगळं एकत्र मळा. गोळा फुटला तर चमचाभर दूध घाला. २० छोट्या चपट्या वड्या करा.

आता जाड लोखंडी कढईत बोटभर जाडीचं मीठ किंवा कोरडी वाळू पसरा. मध्ये तिवई ठेवा. वर झाकण घालून मंद आचेवर १० मिनिटं तापवा. वड्या ताटलीत मांडून आत ठेवा. पुन्हा झाका. १५ ते २० मिनिटांत खरपूस वास येईल. आच मोठी करू नका. शेंगदाणा लवकर करपतो. गरम असताना वडी मऊ लागते. घाई करू नका. थंड झाल्यावर ती घट्ट होते.

एका वडीत साधारण ३ ग्रॅम पिष्ट आणि साखर येते. म्हणजे लहान चमचाभर साखरेपेक्षाही कमी. पण शेंगदाण्यात तेल आहे. तेव्हा एका वेळी दोनच वड्या. "औषधी आहे" म्हणून डबा रिकामा करू नका!

हे विसरू नका

काळपट, कडू, बुरशी आलेले शेंगदाणे टाकून द्या. त्यांत विष असतं. कोणाला शेंगदाणा सोसत नसेल, तर त्याला ही वडी देऊ नका.

गव्हाच्या रोग्याचं धान्य गावच्या चक्कीत गव्हामागून दळू नका. घरच्या जात्यावर दळा. रवा, मैदा, शेवया हे सगळं गहूच आहे. सातूही चालत नाही. बाजारच्या हिंगातही पुष्कळदा गव्हाचं पीठ असतं.

असा आजार असल्याची शंका आली, तर आधी डॉक्टरांना दाखवा. तपासणीआधीच गहू सोडला तर आजार तपासणीत सापडत नाही.

मधुमेह्यानं ही वडी खाल्ली म्हणून गोळ्या किंवा इन्सुलिन बंद करू नये. आणि त्याला एकाएकी घाम फुटला, हातपाय कापू लागले, तर साखर उतरली असं समजावं. तो शुद्धीवर असेल तर लगेच साखरेचं पाणी द्यावं. त्या वेळी ही वडी कामाची नाही. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही घालू नये. तडक दवाखान्यात न्यावं.

येत्या दिवाळीत असा एक डबा भरून ठेवा. त्यातल्या दोन वड्या बाबांना सगळ्यांच्या पंगतीत, सगळ्यांच्या देखत वाढा. मग त्यांना चोरून खायची पाळी येणार नाही.