मलिद्याचं ताट आणि केळीचा आशीर्वाद

वसईच्या वाडीवाल्याला हे सांगावं लागत नाही, की केळ एकदाच घड देते आणि घड उतरवला की ते खोड तोडायचं. नारळाचं तसं नाही; तो पिढ्यान्‌पिढ्या उभा असतो. हाच भेद यहुदी धर्मशास्त्रानेही हेरला आहे. ज्याचं खोड वर्षानुवर्षं टिकून पुन्हा फळतं त्याच्या फळावर झाडाच्या फळाचा आशीर्वाद म्हणायचा, आणि केळ्यावर जमिनीच्या पिकाचा. कोकणातल्या बेने इस्राएल यहुद्यांच्या घरांत मलिद्याचं ताट मांडलं जातं तेव्हा हा नियम पाळला जातो, म्हणूनच मलिदा म्हणजे शेजाऱ्यांकडून उचललेली नुसती एक रीत आहे असं मला वाटत नाही.

मलिदा नवस फेडताना होतो, सुंतेच्या वेळी होतो, लग्नाआधी आणि नव्या घरात शिरतानाही होतो. जाडे पोहे धुऊन निथळत ठेवायचे. पाण्यात जास्त राहिले तर लगदा होतो, कमी राहिले तर दाताखाली कचकचतात. मऊ झाले की त्यात ओलं खोबरं, साखर, वेलचीची पूड, बेदाणे, बदाम-पिस्त्यांचे काप घालून हलक्या हाताने कालवायचं. ताटात त्याची रास, भोवती खजूर, केळी आणि हंगामातली इतर फळं, जोडीला सब्जाची काडी किंवा गुलाबाचं फूल. तूप-दुधाचा थेंब नाही, त्यामुळे पुढे मटणाचं जेवण असलं तरी दूध आणि मांस एकत्र न आणण्याच्या नियमाला धक्का लागत नाही. मग एलियाहू हन्नाबीचं, म्हणजे संदेष्टा एलियाचं स्तवन होतं, आणि झाडाचं फळ, जमिनीचं पीक, धान्य, सुवास यांवर वेगवेगळे हिब्रू आशीर्वाद म्हटले जातात. पोहे आणि खोबरं इथलं आहे. त्यांची वर्गवारी मात्र यहुदी शास्त्राची आहे.

आक्षेप घेणारा म्हणेल, शब्दच फारसी आहे, 'चोळणे' या अर्थाचा, आणि मलिदा दर्ग्यावरही चढतो. खरं आहे. बेने इस्राएल लोक सिनेगॉगलाही मशीदच म्हणत आले. पण शब्द कुठून आला यावरून कृतीचा अर्थ ठरत नाही. पोर्तुगीज सत्तेखाली १५३४ ते १७३९ एवढा काळ गेलेल्या वसईत हे तर रोज दिसतं: कुपारी बाई लाल लुगडं नेसून चर्चला जाते, घरात कादोडी बोलते, ईस्ट इंडियन लग्नात उंबराचं पाणी आणलं जातं. त्यांच्या ख्रिस्तीपणावर शंका घ्यावी असं शेजाऱ्याच्या मनातही येत नाही. मग यहुद्यांनाच वेगळी फूटपट्टी का?

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे: तोरा या धर्मग्रंथात मलिदा नाही. नाही, हे मान्य. पण ग्रंथ हाती नव्हते त्या शतकांत ही माणसं शनिवारी घाणा बंद ठेवत होती, म्हणून गावाने त्यांना शनिवार तेली म्हटलं. परंपरा सांगते, की बाहेरून आलेले यहुदी शिक्षक डेव्हिड राहबी यांनी परीक्षेसाठी बायकांपुढे नाना जातींची मासळी ठेवली, आणि त्यांनी खवले व पर नसलेली मासळी बाजूला सारली. कथेतला तपशील कसाही असो, ओळख स्वयंपाकघरात टिकून होती हे ती नेमकं सांगते. साठच्या दशकात इस्राएलमधल्या धर्मपीठाने बेने इस्राएलांच्या विवाहांवर शंका घेतली तेव्हा मोठं आंदोलन झालं, आणि १९६४ मध्ये तिथल्या संसदेला त्यांना सर्वार्थाने यहुदी म्हणावं लागलं. हा अपमान टाळता आला असता, असं मला ठामपणे वाटतं. कागदाआधी त्यांची ताटं पाहायला हवी होती.

वसई-विरारहून खाडीपलीकडे ठाण्यात १८७९ सालचं शार हाशमाइम सिनेगॉग आहे. बहुतेक बेने इस्राएल कुटुंबं मात्र आता इस्राएलमध्ये आहेत, आणि अश्दोद, दिमोना इथल्या घरांत पोहे अजून तसेच निथळत ठेवले जातात. ताटातलं केळं तिथल्या बागेतलं असतं, आणि त्यावर जमिनीच्या पिकाचाच आशीर्वाद म्हटला जातो.