‘गिअरबॉक्स गेला’ म्हणण्याआधी

मानवतसारख्या गावात ऑटोमॅटिक गाड्या अजून कमीच. पण जुन्या बाजारातून दहा-बारा वर्षं चाललेल्या ऑटोमॅटिक फोर-बाय-फोर आता आपल्याकडेही यायला लागल्यात. घेताना परवडतात. बिघडल्या की मात्र पहिलं वाक्य कानावर येतं, "मालक, गिअरबॉक्स गेला." हे वाक्य फार महाग आहे. बॉक्स उतरवून बांधायचा खर्च कधी कधी गाडीच्या किमतीच्या जवळ जातो, आणि त्या कामाचा जाणकार गावात मिळत नाही. म्हणून आज आपण एवढंच बघू की बॉक्स उतरवण्याआधी काय तपासायचं आणि कोणत्या क्रमानं.

एका गाडीपासून सुरुवात करू. कापसाची खरेदी करणारे एक काका डिसेंबरात आमच्याकडे आले. सकाळी गाडी ठणठणीत चालायची. दुपारी पाथरीहून परतताना इंजिनाचा आवाज वाढायचा आणि वेग मात्र वाढायचा नाही. एका ठिकाणी त्यांना बॉक्स बदलायचा सल्ला मिळाला होता. त्यांनी पैशांची जुळवाजुळवही सुरू केली होती.

आधी आतली रचना समजून घेऊ. साध्या गाडीत पायातला क्लच इंजिन आणि गिअर यांना जोडतो. ऑटोमॅटिकमध्ये ते काम टॉर्क कन्व्हर्टर करतो, म्हणजे तेलानं भरलेला एक बंद डबा. इंजिन फिरलं की पंप फिरतो, पंप तेलाला दाब देतो आणि त्या दाबानं आतल्या क्लच प्लेटा एकमेकींना घट्ट धरतात. कोणत्या प्लेटा धरायच्या, त्यावर गिअर ठरतो. तेच तेल वंगण देतं आणि उष्णताही बाहेर नेतं. त्यामुळे या बॉक्सच्या दुखण्यात पहिला साक्षीदार तेलच.

पण तेलाच्याही आधी मालकाला विचारायचं. त्रास थंड असताना होतो की गरम झाल्यावर? सगळ्या गिअरला की एकाच? हळूहळू वाढला की एकदम आला? त्याच्या आधी गाडीनं काय काम केलं होतं? काकांनी सहज सांगितलं, "ऑक्टोबरात पाऊस झाला तेव्हा रानात रुतली होती. पुढं-मागं, पुढं-मागं करून तासाभरानं काढली." काळ्या मातीत रुतलेली गाडी डीमधून आरमध्ये आणि आरमधून डीमध्ये झुलवली की कन्व्हर्टरमधलं तेल भराभर तापतं. गाडी जागेवरच असल्यामुळे समोरून वारा लागत नाही. निम्मं निदान तिथंच झालं होतं.

आता तेल. बहुतेक गाड्यांत माप घ्यायचं ते गाडी सपाट जागी, इंजिन गरम आणि चालू, हँडब्रेक ओढलेला, लिव्हर एकदा सगळ्या जागांवरून फिरवून पीमध्ये आणलेला. काही कंपन्या इंजिन बंद करून माप घ्यायला सांगतात, काही गाड्यांना काडीच नसते; तिथं पुस्तिका म्हणेल ते खरं. माप झालं की तेल पांढऱ्या फडक्यावर घ्या. बहुतेक ठिकाणी हे तेल नवं असताना लाल असतं. तपकिरी आणि करपट वासाचं झालं, तर क्लच प्लेटा तापल्यात. गुलाबी दुधासारखं दिसलं, तर रेडिएटरमधलं पाणी आत आलंय. मग गाडी पुढं चालवायचीच नाही. पातळी कमी असेल तर गळती शोधा, कारण हे तेल इंजिन ऑइलसारखं जळून संपत नाही. आणि कुणी ‘ऑइलच आहे की’ म्हणून ट्रॅक्टरचं हायड्रॉलिक ऑइल ओतलंय का, तेही विचारा.

तिसरी पायरी विजेची. गाडी एकाच गिअरमध्ये अडकून राहिली, दिवा लागला, की लोक घाबरतात. पुष्कळदा तो बॉक्सच्या कॉम्प्युटरनं घेतलेला बचावाचा पवित्रा असतो. अशक्त बॅटरी, गंजलेली अर्थिंगची वायर, पाणी गेलेला कनेक्टर, एवढ्यानंही तसं होतं. स्कॅनर जरूर लावा, पण कोड म्हणजे तक्रार. दोषी कोण ते तपासानंच ठरतं.

चौथी पायरी फक्त फोर-बाय-फोरची, आणि नेमकी तीच विसरली जाते. बॉक्सच्या मागे ट्रान्सफर केस असते. तिच्या लिव्हरला न्यूट्रल असेल आणि गाडी धुताना तो चुकून तिथं सरकला, तर डी टाका नाहीतर आर, गाडी हलत नाही. बॉक्स धडधाकट असतो! यात धोकाही आहे. पी हा बॉक्सच्या बाहेर येणाऱ्या दांड्याला कुलूप लावतो. ट्रान्सफर केस न्यूट्रलला असेल तर पीमध्ये उभी गाडीसुद्धा उतारावर घरंगळते. म्हणून हँडब्रेक ओढायचाच. दुसरं, गरजेपुरती फोर-बाय-फोर लावायच्या गाड्या डांबरी रस्त्यावर फोर-एचमध्ये चालवल्या की वळणावर पुढची-मागची चाकं एकमेकांना ओढतात. पुढं-मागं वेगवेगळ्या मापाचे टायर असले तर सरळ रस्त्यावरही ओढाताण होते. मालकाला वाटतं, गिअर अडतोय. टू-एचमध्ये आणून बघा. त्रास गेला तर बॉक्सचा दोष नाही.

मग रस्त्यावर चला. डी टाकल्यावर धक्का लागायला उशीर होतो का? गिअर बदलताना आरपीएम उसळतो का? उसळला तर प्लेटा घसरतायत. साठ-सत्तरच्या वेगाला गाडी रस्त्यावरच्या पट्ट्यांवरून गेल्यासारखी थरथरते का? मागे कुणी नाही असं बघून ब्रेकला पाय नुसता टेकवा, ॲक्सिलरेटर सोडू नका. थरथर लगेच थांबली तर संशय कन्व्हर्टरच्या लॉकअप क्लचवर. नाही थांबली तर इंजिन, माउंटिंग आणि शाफ्टचे जॉइंट बघा. एवढं झाल्यावर जाणकाराकडून तेलाचा दाब मोजायचा. बॉक्स उतरवायचा की नाही, हे त्यानंतर ठरवायचं.

काकांच्या गाडीचं तेल तपकिरी निघालं. खालचं पॅन उघडलं. चुंबकावर बारीक राखाडी चिखल होता, धातूचे तुकडे नव्हते. मग पुढची जाळी काढली. जिनिंगच्या आवारात रोजची ये-जा, त्यामुळे ऑइल कूलरच्या पापुद्र्यांत कापसाचे तंतू आणि धूळ यांचा अक्षरशः नमदा बसला होता. वारा जाणार कुठून? कूलर साफ केला, फिल्टर आणि तेल बदललं. दुपारची घसरण पुष्कळ कमी झाली. पूर्ण गेली नाही. ओव्हरटेक करताना तिसऱ्या गिअरला आरपीएम अजून थोडा उसळतो. करपलेली प्लेट तेलानं बरी होत नाही. आम्ही काकांना तसंच सांगितलं: बॉक्स एक दिवस बांधावा लागेल, पण आज नाही, तोवर ओझं ओढू नका. त्यांनी हंगाम त्याच गाडीवर काढला. रुतल्यानंतर लगेच आले असते, तर कदाचित ती प्लेटही वाचली असती.

शेवटी श्रोत्यांचे दोन प्रश्न घेऊ.

जुनं तेल बदललं की बॉक्स बसतो, हे खरं का?

प्लेटा आधीच झिजलेल्या असतात आणि तेल बदलल्यावर ते उघडं पडतं, म्हणून नाव तेलाचं होतं. अशा बॉक्सला मशीननं दाब देऊन धुऊ नये. पॅन उतरवून निघेल तेवढंच तेल बदलावं, थोडं चालवून पुन्हा एकदा बदलावं. तेल मात्र पुस्तिकेत लिहिलंय त्याच प्रतीचं.

बंद पडली तर परभणीपर्यंत टोचन करून नेता येईल का?

चाकं रस्त्यावर ठेवून नको. इंजिन बंद म्हणजे पंप बंद, आणि आतले भाग वंगणाशिवाय फिरणार. फोर-बाय-फोरची दोन चाकं उचलून दोन फिरत ठेवणंही धोक्याचं. चारही चाकं वर घेणारी सपाट गाडीच बोलवा. चांगला बॉक्स गॅरेजच्या वाटेवर खराब झाला, असं होऊ देऊ नका.

घरी गेल्यावर आधी गाडीची पुस्तिका शोधा, आणि तेल मोजायचं पान उघडून बघा.