सुरी चालवण्याआधीची दोन मिनिटं

ऑपरेशन थिएटरमध्ये छेद घेण्याआधी सगळे हात थांबतात. प्रत्येक जण आपलं नाव आणि काम सांगतो. रुग्ण कोण, शस्त्रक्रिया कोणती, छेद कुठे, हे मोठ्याने बोललं जातं. अवघड टप्पा कोणता, वेळ किती लागेल, रक्त किती जाऊ शकतं, हे सर्जन सांगतात. मग भूलतज्ज्ञ आपली काळजी मांडतात, सिस्टर उपकरणांची. कामाच्या ठिकाणची याहून चांगली बैठक मला माहीत नाही.

हे सगळं ज्या यादीनुसार होतं, ती जागतिक आरोग्य संघटनेची १९ मुद्द्यांची यादी २००८ साली आली. तिच्यामागचे डॉ. अतुल गवांदे मूळचे आपल्याच मातीतले. त्यांच्या वडिलांचं गाव यवतमाळ जिल्ह्यातलं उटी. दिल्लीसह जगातल्या आठ शहरांत एकेका रुग्णालयात यादी वापरून पाहिली गेली. २००९च्या जानेवारीत निष्कर्ष छापून आले: मृत्यूंचं प्रमाण दीड टक्क्यावरून ०.८ टक्क्यावर, मोठ्या गुंतागुंतींचं ११ वरून ७ वर.

मला यात सर्वांत मोलाची वाटते ती नाव सांगण्याची साधी रीत. एकदा तोंड उघडलेली सिस्टर पुढे काही चुकतंय असं दिसलं, तर गप्प बसत नाही.

मात्र कॅनडातल्या ओंटारिओत १०१ रुग्णालयांनी अशीच यादी लागू केली, तेव्हा मृत्यू किंवा गुंतागुंती लक्षणीय घटल्या नाहीत. हा अभ्यास २०१४चा. का घटल्या नाहीत, यावर वाद झाले. माझ्या मते, कागदावर खुणा करणं सोपं असतं आणि एकमेकांशी बोलणं अवघड.

आपल्या कार्यालयांत हेच होतं. साहेब तासभर बोलतात, बाकीचे माना डोलावतात आणि खरी अडचण नंतर चहाच्या टपरीवर निघते. इतिवृत्तात ‘सविस्तर चर्चा झाली’ एवढंच उरतं. काम कोणाचं, कधीपर्यंतचं, याचा पत्ता नसतो. असा तास दहा जणांचा असेल, तर दहा तास गेले.

बैठक बोलावण्याचा अधिकार तुमच्याकडे असेल, तर या सोमवारी एवढं करा: ज्याचं काम नाही त्याला बोलावू नका, सर्वांत कनिष्ठ माणसाला आधी बोलू द्या, तुम्ही शेवटी बोला, आणि प्रत्येक निर्णयापुढे एक नाव व एक तारीख लिहूनच उठा.