मोबाईलच्या पेठेंतील एकटा कारागीर

घरीं माग लावून बसणाऱ्या विणकराप्रमाणें एखादा मनुष्य संगणकापुढें बसून मोबाईलचें ॲप एकट्यानें तयार करूं शकतो. त्याला कारखाना नको, वखार नको, माल पोंचविण्यास आगगाडी नको. मग या धंद्यावर त्याचा चरितार्थ चालावा कीं नाहीं?

आरंभ तर मोठा आशादायक होता. ॲपल कंपनीनें १० जुलै २००८ रोजीं आपली ॲपांची पेठ उघडली, तेव्हां तींत सुमारें ५०० ॲपें होतीं. विक्रीच्या दर शंभर डॉलरांतील ३० कंपनीनें ठेवावयाचे व ७० कर्त्यास द्यावयाचे, असा ठराव होता. गर्दी थोडी, गिऱ्हाईक हौशी. स्टीव्ह डेमेटर यानें 'ट्रिझम' नांवाचें कोडें सुमारें ५ डॉलरांस विकून दोन महिन्यांत अडीच लाख डॉलर मिळविले. ईथन निकोलस हा सन मायक्रोसिस्टिम्स कंपनींत नोकरीस होता; नोकरी संभाळून उरलेल्या वेळांत त्यानें 'आयशूट' हा रणगाड्यांचा खेळ रचला. विक्री मंदावली होती. जानेवारी २००९ मध्यें त्यानें त्याच खेळाची एक तोकडी आवृत्ति फुकट वांटली, आणि ती चाखलेल्या लोकांनीं मूळ खेळ विकत घेऊन त्यास यादींत पहिल्या क्रमांकावर नेलें. तेव्हां कोठें त्यानें राजीनामा दिला. हा क्रम ध्यानांत ठेवण्याजोगा आहे.

अशा बातम्यांनींच पेठ भरून गेली व पुष्कळ ॲपांची किंमत ९९ सेंटांवर उतरली. ९९ सेंटांतून कंपनीचे ३० टक्के गेले म्हणजे कर्त्याच्या हातीं ६९ सेंट पडतात. महिना १,००० डॉलर मिळावयास त्याला सुमारें १,४५० गिऱ्हाइकें लागतात, आणि तीं दरमहा नवीं. कारण एकदां पैसे दिलेला मनुष्य पुन्हां देत नाहीं. उलट फोनची कार्यप्रणाली दरसाल बदलते, म्हणून जुन्या गिऱ्हाइकासाठीं ॲपची डागडुजी मात्र फुकट करावी लागते.

त्यांत नकलेचें भय. 'थ्रीज' हें आंकड्यांचें कोडें रचण्यास ॲशर व्होलमर व ग्रेग वोलवेंड यांना वर्षाहून अधिक काळ लागला. फेब्रुवारी २०१४ मध्यें तें विक्रीस आलें. पुढच्याच महिन्यांत त्याच धर्तीचें '२०४८' एका इटालियन तरुणानें थोड्याच दिवसांत रचून लोकांस फुकट दिलें. मूळ कर्त्यांचें गाऱ्हाणें असें कीं, लोक 'थ्रीज'लाच नक्कल म्हणूं लागले!

पैशाची वाट यामुळें बदलली आहे. ॲपलनें २०१६ सालीं सर्व प्रकारच्या ॲपांना वर्गणीची मुभा दिली, आणि १ जानेवारी २०२१ पासून वर्षाला दहा लाख डॉलरांच्या आंत मिळकत असणाऱ्या कर्त्यांस आपला वांटा १५ टक्क्यांवर आणण्याची सवलत ठेविली. गूगलनेंहि त्याच वर्षीं पहिल्या दहा लाखांवर तोच दर लाविला. आतां महिना २ डॉलर देणारे सुमारें ५९० वर्गणीदार तेच हजार डॉलर देतात, व त्यांतले पुष्कळसे पुढच्या महिन्यांतहि टिकतात. मात्र एकट्या कर्त्याला ते खेळापेक्षां रोजच्या कामाच्या वस्तूला अधिक लाभतात: गवयाच्या रियाजाचा तंबोरा, दुकानदाराची उधारीची वही, असल्या गोष्टींना.