शिफारस शेतापर्यंत पोहोचावी म्हणून
'बागायती गव्हास हेक्टरी 120 किलो नत्र द्यावे' हे वाक्य शोधनिबंधात निर्दोष असते. शेतकऱ्यांसाठीच्या लेखात मात्र अपुरे ठरते. युरियात नत्र 46 टक्केच असते. नत्र म्हणजेच युरिया असे समजून कोणी 120 किलो युरिया दिला, तर पिकास जेमतेम 55 किलो नत्र मिळते. म्हणून संपादन करताना शिफारस तीच ठेवून तिचे माप बदलावे: सर्व नत्र युरियातून द्यायचे असल्यास एकरी सुमारे 106 किलो युरिया, म्हणजे 45 किलोच्या दोन गोण्या व वर 16 किलो. त्यापुढे हप्ते व वेळ नोंदवावी. शेवटी मसुदा एखाद्या शेतकऱ्यास वाचावयास देऊन 'किती गोण्या आणाल?' असे विचारावे. उत्तर चुकल्यास दोष वाक्याचा समजावा आणि ते पुन्हा लिहावे.