चेहऱ्यावरचं ऊन

● वेळ : सूर्योदयानंतर आणि सूर्यास्तापूर्वी साधारण तासभर ऊन तिरपं आणि मवाळ असतं. मेच्या मध्याला मुंबईत सूर्य भरदुपारी थेट माथ्यावर येतो. तेव्हा डोळ्यांच्या खोबणीत आणि नाकाखाली गडद सावल्या पडतात.

● सावली : दुपारीच फोटो काढायचा असेल, तर माणसाला ओसरीच्या कडेला, सावलीत उभं करा. तोंड मोकळ्या आकाशाकडे हवं. झाडाखाली मात्र पानांतून येणारे कवडसे चेहऱ्यावर डाग पाडतात.

● पाठीमागचं ऊन : केसांना उजळ कड मिळते, पण चेहरा काळवंडतो. एक्स्पोजर १ ते १.५ स्टॉपने वाढवा किंवा समोर पांढरा थर्माकोल धरा.

● रंग : दुपारचं ऊन सुमारे ५,५०० केल्विनचं असतं. सावलीतला प्रकाश ७,००० केल्विनच्या आसपास, म्हणजे निळसर. तिथे व्हाइट बॅलन्स ‘शेड’वर ठेवा. हिरवळीवर बसवलेल्या माणसाच्या हनुवटीखाली हिरवी झाक येते.

● जुना ठोकताळा : लख्ख उन्हात अ‍ॅपर्चर एफ/१६ आणि आयएसओ १०० असेल, तर शटर १/१०० सेकंदाच्या जवळपास. पार्श्वभूमी धूसर हवी असल्यास एफ/४ घ्या. मग शटर १/१६०० सेकंद.